पोट्टं चोर निघणार, हे आधी कळतं का?

"पाटील, पोट्टं पुढं चोर निंघन का नाई, हे लहानपनीच कयते का हो?" लग्नाच्या पंगतीत, पारावर, एसटीच्या थांब्यावर, कुठंही गाठून लोक मला हेच विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी २२ वर्षं पोलीस पाटील होतो, त्यामुळं मला कळत असेल असा समज आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

नाही कळत. निदान मला तरी नाही कळलं.

२००९ च्या उन्हाळ्यात एका विहिरीवरचं मोटारीचं केबल गेलं. चोर शोधायला अक्कल लागली नाही, नाल्याकडून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तांबं काढायला चोर केबल जाळतात. तीन पोट्टे सापडले, तिघंही सतरा-अठराचे, शाळा सोडलेले. हातभर काजळी, केसांनाही तोच वास. तिघांच्या घरी सारखंच दारिद्र्य, दोघांचे बाप दारूत. आज पाहाल तर एक मक्त्यानं चार एकर करतो, पोरगी इंग्रजी शाळेत आहे. लग्न झालं तसा तो रात्री घराबाहेर पडायचा थांबला. दुसरा पुण्याकडं कंपनीत लागला, आता पोळ्याला तेवढा येतो.

तिसऱ्याचं माझ्याकडून बिघडलं. विशीत त्याला नागपूरला वॉचमनचं काम मिळत होतं. पडताळणीसाठी ठाण्यातून विचारणा आली, मी "चालचलन संशयास्पद" असं लिहिलं. खोटं नव्हतं. पण काम गेलं. पुढं गावात बॅटरी हरवो की बकरी, ठाण्याला पहिलं नाव मीच त्याचं द्यायचो. सणावाराच्या तोंडावर चाप्टर केस, म्हणजे गुन्हा व्हायच्या आधीच करायची प्रतिबंधक कारवाई, ठरलेली. मग एकदा त्यानं खरंच ट्रॅक्टरची बॅटरी काढली, जामीनदार मिळेना म्हणून अकरा महिने आत राहिला आणि आतून मोठ्या लोकांच्या ओळखी घेऊन आला.

माझी लेक समाजकार्य शिकली. तिनं सांगितलं, अमेरिकेत बोस्टनला ग्लूक या संशोधक नवरा-बायकोनं १९४० च्या सुमारास ५०० बिघडलेली पोरं आणि तशाच वस्त्यांमधली ५०० सरळ पोरं निवडून त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली. त्यांचे कागद पुढं हार्वर्डच्या तळघरात पडून होते. सॅम्पसन आणि लॉब या दोघा अभ्यासकांनी ते बाहेर काढले, आणि बिघडलेल्यांपैकी काहींना तर सत्तरीपर्यंत गाठलं. लहानपणावरून कोण कधी थांबणार ते सांगता येईना. बायको, टिकाऊ काम, फौज, असं काहीतरी मध्ये आलं की माणूस वळत होता, आणि उशिरा का होईना, बहुतेक जण थांबलेच. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली वेगळी मांडणी केली: बहुतेकांचा गुन्हा मिसरूड फुटताना येतो आणि जातो, थोड्यांचा लहानपणापासून चिकटून राहतो. असतीलही तसे थोडे. पण ते थोडे कोणते, हे मी कोणत्या अकलेवर ठरवणार होतो?

आमच्याकडं तर आधीच ठरवून मोकळे होतात. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो रद्द झाला, पण पारध्यांच्या बेड्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं, पोर दुकानात शिरलं की अजून दुकानदार गल्ल्याजवळ सरकतो. आणि पन्नाशीपर्यंत हरिपाठ म्हणणाऱ्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं मेलेल्यांच्या नावावर कर्ज उचललं, त्याच्याबद्दल मात्र "लहानपनी कसा होता?" असं मला कोणीच विचारलं नाही.

तिसऱ्यानं आता तिशी ओलांडली. दोन वर्षांपासून एका विधवा बाईच्या तुरीत जागलीला आहे. तिनं मला न विचारताच ठेवला, बरं केलं. रात्री रोही, म्हणजे नीलगाई, हाकलतो, अधूनमधून बॅटरीचा झोत माझ्या अंगणापर्यंत येतो.

दिवाळीत शेजारच्या शिवारातून मोटार गेली. मी रिटायर झालो तरी जमादारानं सवयीनं फोन केला, "पाटील, कोनावर डाऊट?" नाव जिभेवर आलंच होतं. गिळलं, आणि म्हणालो, "मले मालूम नाई."