कोळी महोत्सवात आमचा पहिला स्टॉल

आमच्या कोळीवाड्यात जानेवारीत महोत्सव भरतो. वेसाव्याचा महोत्सव मुंबईभर गाजलेला, त्यामानाने आमचा लहान. पण संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नसते. इतकी वर्षं मी तिथे पाहुण्यांना जेवायला घेऊन जायचे. या खेपेला आमच्या बचत गटाने स्वतःचा स्टॉल घेतला. ज्या बायकांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कागदपत्रांना घाबरू नका. लहान धंद्याची खाद्यनोंदणी ऑनलाइन होते. ओळखपत्र आणि फोटो लागतो, आम्हाला फी वर्षाला 100 रुपये पडली. 14 आकडी नंबर मिळतो, तो स्टॉलवर दिसेल असा लावायचा. गॅसची सोय मात्र आधी करा. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा कमर्शियलच लागतो आणि तो ऐनवेळी मिळणं कठीण.

खरी चर्चा झाली ती काय रांधायचं यावर. महोत्सवाच्या समितीतल्या मुलांचं म्हणणं, पापलेट फ्राय, सुरमई फ्राय, कोळंबी बिर्याणी ठेवा, लोक तेच मागतात. खोटं नाही ते. पण आम्ही घरी रोज काय खातो? बोंबलाचं आंबट, जवळा, सोडे-वांगं, सुक्या वाकट्यांचं, म्हणजे पट्टीसारख्या लांब माशांचं कालवण, तांदळाची भाकरी. पापलेट कुठल्याही हॉटेलात मिळतं. वाकट्यांचं कालवण खायला कोळ्याच्या घरीच यावं लागतं, आणि ज्यांच्या ओळखीचं असं घर नाही त्यांनी ते कुठे खायचं? मी हट्टाला पेटले. शेवटी तव्यावर बोंबील आणि मांदेली तळायची, बाकी सगळं घरचं, असं ठरलं.

आमच्या आंबटात खोबरं नसतं. चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, हळद, मसाला, एवढंच. बोंबील टाकल्यावर पळी घालायची नाही, पातेलं हातात धरून हलवायचं, नाहीतर लगदा होतो. घरच्या पातेल्यात हे जमतं. शंभर माणसांच्या टोपात जमणार नाही, म्हणून सासूबाईंनी लहान टोपांत थोडं थोडं करायला लावलं. गटातल्या दोघी रात्रभर त्यातच होत्या. मसाला उन्हाळ्यातलाच वापरला. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या गच्चीवर वाळवून डंकावर कुटलेला. बाजारचा मसाला घालून कोळी जेवण म्हणून विकणं मला पटत नाही. सुकी मासळीही वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवावर वाळवलेली, घरातलीच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा याच साठ्यावर आमची चूल चालते. स्टॉलवर येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत होते, कारण सुक्या मासळीकडे नाक मुरडणारे बरेच असतात.

पण माझा जीव अडकला होता तो गाण्यांत. स्टेजवर दरवर्षी ऑर्केस्ट्रा असतो, नाच असतो, मुलंमुली सुंदर नाचतात. लग्नातले धवले, म्हणजे विधींच्या वेळी म्हणायची गाणी, मात्र तिथे कधी ऐकू आली नव्हती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण नुसती गात नाही, हळदीपासून एकेक विधी तिच्या धवल्यांवर पुढे सरकतो. आमच्या गल्लीतली धवलारीण आता म्हातारी आहे. लग्नात तिला बोलावतात, पण डीजे सुरू झाला की तिचा आवाज कुणाला ऐकू येणार?

मी विचारायला गेले तर ती म्हणाली, "बाय, हळदीबिगर मी गाऊ कशी?" तिचं बरोबर होतं. मग आम्ही स्टेजवर खरीखुरी हळद मांडली. पाट, तांदूळ, नारळ, हळदीची वाटी. तिच्या मागून ओळ धरायला गल्लीतल्या चार बायका लुगडी नेसून बसल्या. समितीकडून ऑर्केस्ट्राच्या आधीची वेळ मागून घेतली. रात्री 10 वाजता स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे मुलांना एकेक मिनिट मोलाचं होतं. तरी त्यांनी वेळ दिली, हे मी विसरणार नाही. हातातला माइक तिला नको होता, म्हणून तो पाटासमोर ठेवला.

एकवीरा आईचं नाव घेऊन तिने सुरुवात केली. पुढच्या रांगेतल्या बायका दुसऱ्याच ओळीला साथीला आल्या. मागे उभी असलेली पोरं आधी गप्पा मारत होती, मग एकेक करून मोबाइलवर रेकॉर्ड करू लागली. माझी भाची त्यांतलीच एक. दुसऱ्या दिवसापासून ती या धवलारीण आजीकडे वही घेऊन बसते, आणि आजी तिला आधी चाल घटवून घेते, मगच शब्द लिहू देते.

स्टॉलवर वाकट्यांचं कालवण सगळ्यात आधी संपलं. पुढच्या वर्षीसाठी बांगडे खारवून ठेवायचे आहेत, आणि मिरच्या दुपटीने घ्यायच्या आहेत.