सहा शिलिंग आठ पेन्स

मुलगी इंग्लंडमध्ये एका लहानशा गावात राहते. तिच्याकडे गेलो की रविवारच्या जुन्या बाजारात एक फेरी ठरलेली. बायको कपबश्या बघते, मी कागद बघतो. पुण्यात तीस वर्षं खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं केली, त्यामुळे जुनं बाड दिसलं की हात शिवशिवतात. यंदा एका खोक्यात पाच फुलस्केप कागद सापडले. उभी घडी घातलेले, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं शिवलेले. तीन पौंड मोजले. बायको म्हणाली, "एवढ्यात किटली आली असती."

ते वकिलाचं बिल होतं. साल १९०७. एडवर्ड राजाच्या अमदानीत त्या गावच्या सॉलिसिटरनं, म्हणजे दस्त-कागद करणाऱ्या वकिलानं, एका अविवाहित बाईंना लावलेलं. बाईंचं नाव सांगत नाही. अशिलाचं नाव बाहेर काढायचं नाही ही सवय आता जायची नाही, मग अशील शंभर वर्षांपूर्वीचं का असेना.

आमच्या बिलात दोन ओळी असतात: दस्त तयार करण्याची फी अमुक, किरकोळ खर्च तमुक. या बिलात अख्खी वर्षभराची बखर होती. पहिल्या पानावरच्या नोंदी मराठीत साधारण अशा होतील: "आपण भेटीस आलात. बंधूंच्या पश्चात घर विकावे किंवा कसे, याचा विचार केला. तूर्त विकू नये असा सल्ला दिला. ६ शि. ८ पे." त्याखाली, "विकायचेच, असे आपले पत्र आले. उत्तर पाठवले. ३ शि. ६ पे." आणि लगेच, "आपण भेटीस आलात. पुन्हा विचार केला. ६ शि. ८ पे."

सहा शिलिंग आठ पेन्स. पानापानावर हाच आकडा. पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे हा बरोब्बर पौंडाचा तिसरा हिस्सा. भेट झाली की सहा-आठ, दोन भेटींचे तेरा-चार, तीन भेटी म्हणजे एक पौंड. आपल्याकडे दक्षिणेचा सव्वा रुपया, तसा तिकडे हा वकिलाचा आकडा. इतका अंगवळणी पडलेला की लोक थट्टेनं वकिलालाच 'सहा-आठ' म्हणत. रक्कम मात्र थट्टेची नव्हती. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना तिथे सरकारी पेन्शन सुरू झाली, ती आठवड्याला पाच शिलिंग. म्हणजे म्हाताऱ्यानं वकिलाची एक पायरी चढावी आणि आठवड्याभराच्या पेन्शनवर आणखी वीस पेन्स उसने आणावेत.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा सॉलिसिटर तर स्वतःही ती फारशी चढत नसावा. काउंटी कोर्टात किंवा मॅजिस्ट्रेटपुढे त्याला उभं राहता येई, पण वरच्या कोर्टात बोलायचा मान बॅरिस्टरचा. लंडनमधल्या कामासाठी गावोगावच्या फर्म तिथे एक एजंट ठेवत. खुद्द गावात वकिलाचं काम म्हणजे लिहिणं, बांधणं आणि सांभाळणं. माझं तरी तीस वर्षं दुसरं काय होतं?

लिहिण्याचं त्या काळी मोल होतं, अगदी शब्दश:. ७२ शब्दांचा एक फोलिओ धरायचा आणि फोलिओमागे दर लावायचा. एके काळी घराच्या खरेदीखतालाही हाच हिशेब होता. मग लांबड लागणारच! 'दिले' म्हणून कोण थांबतो? दिले, विकले, सोडले, हवाली केले, कायम केले. आपल्या दस्तांतलं 'तदंगभूत वस्तूंसह, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह' आठवतं ना? त्याचंच हे मावसभावंड. पुढे वकिलांच्या फीबद्दलचा १८८१ चा कायदा आला आणि १८८३ पासून घराच्या किमतीवर फी ठरली: पहिल्या हजार पौंडांपर्यंत विकणाऱ्याच्या वकिलाला शंभरामागे दीड पौंड. बाईंचं घर ४०० पौंडांना गेलं, त्याचे सहा पौंड बिलात एका ओळीत आहेत. फोलिओ गेला, पण 'दिले, विकले, सोडले' काही गेलं नाही. जुनी खोड.

खरेदीखत लिहायचं ते मेंढीच्या कातड्यावर. हे मला फार आवडतं. मेंढीच्या कातड्याचे पापुद्रे सुटतात. लिहिलेलं खरवडायला गेलं की वरचा थर निघून येतो आणि चोरी उघडी पडते. एका दुकानात असा एक दस्त हातात घेतला होता. जाड, किंचित तेलकट, घडी उलगडली तर पुन्हा मिटू पाहणारा. 'हा करार' एवढेच दोन शब्द बोटभर उंचीच्या काळ्याकुट्ट अक्षरांत, आणि पुढे विरामचिन्हांचा पत्ता नाही. स्वल्पविरामाच्या जागेवरून भांडण नको म्हणून स्वल्पविरामच नको. खाली लाल लाखेचा ठिपका. दुकानदार म्हणाला, अशा कितीतरी दस्तांच्या पुढे दिव्याच्या शेड झाल्या. १९२५ च्या मालमत्तेच्या कायद्यांनी जुन्या दस्तांची गरज कमी झाली आणि मेंढ्या दिवाणखान्यात गेल्या.

त्याआधी हे दस्त असत वकिलाच्या कचेरीत, काळ्या रंगाच्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये. पेटीवर पांढऱ्या रंगानं घराण्याचं नाव. इथे माझ्यातला पुणेकर थबकला. त्याच साम्राज्यात आपल्याकडे १९०८ चा नोंदणी कायदा आला. शंभर रुपयांची किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकली तर दस्त सरकारी कचेरीत नोंदवायचा, आणि ज्याला हवं त्यानं इंडेक्स बघून घ्यावा. म्हणून तर आम्ही दुय्यम निबंधकाकडे बसून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीचा मागोवा, काढतो. तिकडे सक्तीची नोंदणी १८९९ पासून फक्त लंडनमध्ये आली होती, आणि ती गावाकडे येऊ नये म्हणून वकिलांनीच कंबर कसली होती. चाळीस वर्षांची मालकीची साखळी दाखवायची ती पेटीतून, आणि पेटीची किल्ली वकिलाकडे. आमच्यावर लादलेला कायदा स्वतःच्या घरी चालत नव्हता. आता सर्चच्या रांगेत उभं राहून मी इंग्रजाला ज्या शिव्या दिल्या आहेत त्या परत घ्याव्यात की दुप्पट कराव्यात, माझं ठरलेलं नाही.

घराचे पैसे आले, त्यांचं काय झालं? दुसऱ्या पानावर नोंद आहे: ३०० पौंड एका बेकरीवाल्याला गहाणावर, शेकडा चारनं. सरकारी रोख्यांवर तेव्हा अडीच टक्के मिळत. गावची विधवा, निवृत्त पाद्री, अविवाहित बाई यांचे पैसे एका हातात आणि दुकान वाढवू पाहणारे गरजू दुसऱ्या हातात. सॉलिसिटर म्हणजे बिनपाटीची बँकच. बहुतेक जण निभावून नेत. पण अशिलाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती आली १९३५ मध्ये. १९०७ साली सगळं एका तिजोरीत आणि एका माणसाच्या इमानावर. विसाव्या शतकाच्या तोंडावर लॉ सोसायटीचा, म्हणजे सॉलिसिटरांच्या संस्थेचा, माजी अध्यक्षच अशिलांचे पैसे खाऊन तुरुंगात गेला होता, ही बातमी बाईंनी नक्की वाचली असणार. कारण पुढची नोंद आहे: "गहाणखत स्वतः पाहण्याची इच्छा आपण व्यक्त केलीत. पेटी उघडून दाखवले. ६ शि. ८ पे."

बाई पक्क्या होत्या. त्यांची पत्रं बिलात नाहीत, नुसते गोषवारे आहेत, पण कुंपण नक्की कोणाच्या हद्दीत यावर त्यांनी काढलेला मुद्दा वकिलानं पुढच्याच पत्रात शेजाऱ्याला जसाच्या तसा ऐकवलाय, आणि त्याचे साडेतीन शिलिंग बाईंनाच लावलेत. चांगल्या वकील झाल्या असत्या. पण १९१३ मध्ये एका बाईनं दावा लावला तेव्हा कोर्ट म्हणालं, सॉलिसिटरच्या कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात बाई बसत नाही. पहिली बाई सॉलिसिटर झाली ती १९२२ मध्ये.

चौथ्या पानावर शपथपत्र आहे. त्यासाठी बाईंना रस्ता ओलांडून दुसऱ्या वकिलाकडे जावं लागलं, कारण स्वतःच्या वकिलापुढे शपथ चालत नाही. शपथेचा दीड शिलिंग. तेव्हा बायबलचं चुंबन घेऊन शपथ घेत, आणि तेच ते पुस्तक गावभरच्या ओठांना लागे. जानेवारी १९१० पासून पुस्तक नुसतं हातात धरून हात वर केला की पुरे, अशी सोय झाली. त्यामागे रोगराईची धास्तीही होती. कातडी बांधणीच्या त्या काळपट पुस्तकाकडे बाईंनी कसं पाहिलं असेल ते बिलात नाही.

शेवटच्या पानावर बेरीज आहे. १४ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. त्याखाली निराळ्या शाईत, बहुधा स्वतः सॉलिसिटरच्या हातानं: "म्हणजे १४ पौंड."

वरचे सुटे सोडले. बरोब्बर एका भेटीचे. रात्री जेवण झाल्यावर मी पुन्हा पाचही पानं घेऊन बसलो, कोणती भेट सोडली असेल ते शोधत. "पुन्हा विचार केला" ती? पेटी उघडून दाखवली ती? तिसऱ्या पानावर एक आहे: "आपण भेटीस आलात. बंधूंची घड्याळे व पुस्तके यांविषयी बोललात. करण्यासारखे काही नव्हते. ६ शि. ८ पे."

बायकोनं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "तू लावले असतेस पैसे."