दौलताबादच्या घाटात दोन क्यू-थ्री

जुनी गाडी देऊन त्याच नावाची नवी घ्यायची का, हे ठरवायला बहुतेक माणसं नवीतून दहा मिनिटांची चक्कर मारतात. शोरूमपासून सिग्नलपर्यंत आणि परत. त्या चकरीत सीटच्या लेदरचा वास कळतो, स्क्रीन केवढा आहे ते कळतं. गाडी कळत नाही. गेल्या मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला एका गिऱ्हाइकासाठी पहिल्या दोन पिढ्यांच्या ऑडी क्यू-थ्री दिवसभर, एकाच रस्त्यावर, त्याच चार माणसांना बसवून चालवता आल्या. तरीही दुपारपर्यंत आमचं मत चुकीचंच होतं.

जुनी गाडी गिऱ्हाइकाची, 2014 ची. 2 लिटर डिझेल, 177 अश्वशक्ती, 380 न्यूटन-मीटर टॉर्क, 96,000 किलोमीटर झालेले. नवी त्यांच्या मेहुण्यांची, जेमतेम 3,000 किलोमीटर चाललेली. 2 लिटर पेट्रोल, 190 अश्वशक्ती, 320 न्यूटन-मीटर. दोन्ही क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणाऱ्या, दोन्हींना सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि दोन्हींची जुळणी इथल्याच शेंद्र्याच्या कारखान्यातली. ऑडीने 2020 पासून भारतात डिझेल बंद केलं, त्यामुळे 2022 मध्ये इथे आलेली ही दुसरी पिढी फक्त पेट्रोलची आहे. डिझेलच्या ओढीची सवय झालेल्या माणसाला हा सगळ्यात मोठा बदल आहे आणि तो कागदावरच्या अश्वशक्तीत दिसत नाही.

सकाळी नऊला निघालो. शहरातून दौलताबाद, तिथून घाट चढून खुलताबाद. जातानाच्या फेरीला मी जुनी चालवली, परत खाली येऊन तोच चढ नवीने. पुढे मी आणि गिऱ्हाईक, मागे त्यांच्या आई आणि मेहुणे.

किल्ल्याजवळचा दिल्ली दरवाजा म्हणजे ड्युअल क्लचची परीक्षाच. कमान अरुंद, समोरून एसटी आली की सगळं थांबतं, आणि चढावर फूट-फूट पुढे सरकावं लागतं. अशा वेळी ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप सरकते का, आणि क्लच पकडताना धक्का बसतो का, हे बघायचं. जुनीला हलका धक्का होता, पण अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायची गरज क्वचित पडली. नवी गुळगुळीत सरकली. मात्र स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) चालू असताना इंजिन जागं होऊन ओढ येईपर्यंत क्षणभर जातो आणि मागचा हॉर्न वाजवतो. ते बटण बंद केल्यावर तक्रार उरली नाही. घाटात स्टार्ट-स्टॉप बंदच ठेवावं.

दरवाजा सुटल्यावरच्या चढाला चार माणसं आणि एसी असताना जुनी कमी आरपीएमवरच ओढत राहते, गिअर बदलत नाही. नवी त्याच वळणांवर एक-दोन गिअर खाली उतरते, आवाज वाढवते आणि मग जुनीपेक्षा वेगाने सुटते. वळणात तिचं स्टिअरिंग सरस आहे. जितकं जास्त वळवाल तितकं ते झपाट्याने लागतं, त्यामुळे तीव्र वळणाला हात कमी फिरवावे लागतात.

पण खुलताबादला पोचेपर्यंत गाडीतल्या चौघांचंही एकमत झालं होतं की नवी कडक आहे. डांबराच्या प्रत्येक जोडावर टकटक, स्पीडब्रेकरवर मागून उसळी. आई म्हणाल्या, "आपलीच बरी रे, हिच्यात कंबर हलतेय." गिऱ्हाईकही म्हणाले, "दादा, एवढे पैसे घालून हे घ्यायचं?"

मला ते पटेना. नवीच्या 18 इंची चाकांवर 235/55 टायर आहे, म्हणजे रुंदी 235 मिलिमीटर आणि रबराची उंची तिच्या 55 टक्के. ती उंची 129 मिलिमीटर होते, म्हणजे जुनीच्या 17 इंची चाकांवरच्या टायरइतकीच. नुसत्या रिमच्या एका इंचाने एवढा फरक पडायला नको. मेहुण्यांना विचारलं, हवा कधी भरली? "कालच, जालन्यात पंपावर. मशीनवर." सकाळी निघतानाही हेच उत्तर ऐकून मी हवेचा दाब मोजायचा गेज लावलाच नव्हता, ती माझी चूक.

खुलताबादच्या पंक्चरवाल्याकडे गेज लावला. काटा 49 वर. दुसरं चाक 49, तिसरं 48, चौथं 49. चालून तापलेल्या टायरात थंडपेक्षा 4 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) आसपास जास्त दिसतं; तेवढे वजा केले तरी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने दिलेल्या हवेच्या स्टिकरपेक्षा जवळपास 10 जास्त होते. पंपावरच्या ऑटोमॅटिक मशीनवर आधीच्या गाडीचा आकडा तसाच राहतो. आधी एखादा पिकअप हवा भरून गेला असेल तर मागच्या मोटारीत पिकअपचीच हवा जाते. मशीन वाजलं की पोरगा नळी काढतो.

मग डॅशबोर्डवरचा दिवा का लागला नाही? कारण या गाडीतली यंत्रणा हवा प्रत्यक्ष मोजत नाही. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं फिरतंय का, एवढंच ती बघते. चारही चाकांत सारखीच जास्त हवा असली आणि भरल्यावर तीच नोंद साठवली असली, की तिच्या लेखी सगळं ठीक असतं.

टायर गरम होते, म्हणून थेट स्टिकरच्या आकड्यावर आणले नाहीत. तसं केलं तर सकाळी थंड झाल्यावर हवा कमी पडते. स्टिकर अधिक 4 ठेवले आणि मेनूत जाऊन नवी नोंद साठवली. मग त्याच स्पीडब्रेकरवर त्याच 20 च्या वेगाने पुन्हा. आता नवी एकदा दबली, एकदा उठली आणि शांत झाली. आई काही बोलल्या नाहीत, पण सीटची कड धरलेला हात त्यांनी सोडला होता.

मग जुनीही तपासली. तिचा मऊपणा खरा का, हा प्रश्न उरला होता. पुढचं चाक जॅकवर घेऊन लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) मागच्या बुशजवळ, म्हणजे त्याच्या रबरी सांध्याजवळ, टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवली. रबराला अर्धा गोल चीर पडलेली, आतली नळी बोटभर सरकत होती. दुसऱ्या बाजूचंही तेच. अकरा वर्षांत रबराचं असं होतंच. असं बुश बारीक टकटक गिळतं, म्हणून गाडी मऊ वाटते. पण जोरात ब्रेक मारला की चाक मागे सरकतं आणि गाडी किंचित एका बाजूला ओढते. सकाळी घाट उतरताना ते जाणवलं होतं, मी रस्त्याच्या उताराला दोष दिला. थोडक्यात, सकाळभर आम्ही एक सैल झालेली गाडी आणि एक फुगवलेली गाडी यांची तुलना करत होतो.

हवा ठीक झाल्यावरच माळीवाड्याला समृद्धीवर चढलो. मे महिन्याच्या दुपारी, सिमेंटच्या रस्त्यावर, 10 पीएसआय जास्त हवा घेऊन 120 ने जाणं मला मान्य नव्हतं. तिथे नवीचा खरा फायदा कळला. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर 2603 वरून 2680 मिलिमीटर झालंय, आणि सिमेंटच्या जोडांवर जुनी जशी पुढे-मागे डुलते तशी नवी डुलत नाही. सावंगीपर्यंत मागे दोघं नेहमीच्या आवाजात बोलत होते.

वाढलेल्या जागेचा वापर कसा केलाय, ते मला सगळ्यात आवडलं. मागची सीट 15 सेंटीमीटर पुढे-मागे सरकते आणि पाठ सात टप्प्यांत कलते. जुनीत सीट जागची हलत नव्हती. आईंचे गुडघे दुखतात. सीट पूर्ण मागे, पाठ दोन टप्पे कलती केल्यावर त्यांना पाय लांबवता आले. माणसं नसतील तर सीट पुढे घ्या, 530 लिटरची डिकी 675 ची होते. जुनीची 460. मधे बसणाऱ्याच्या पायाशी मात्र प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा) उंचवटा दोन्हींत आहे. पाचवा माणूस लांबच्या प्रवासाला कुणातच बसवू नये.

आतली एक गोष्ट मला नवीत खटकली. जुनीत रेडिओ-नकाशासाठी गोल नॉब होता, नजर रस्त्यावर ठेवून हाताला सापडायचा. आता सगळं स्क्रीनवर बोटाने. एसीची बटणं खरी ठेवली आहेत, ते बरं.

संध्याकाळी दोन्ही टाक्या एकाच पंपावर, पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे नळी आपोआप बंद होईपर्यंत, भरल्या. जुनीने लिटरला 13.8 किलोमीटर दिले, नवीने 10.6. गिऱ्हाइकाचं वर्षाचं फिरणं 18,000 किलोमीटर आहे, तो हिशेब त्यांनी तिथेच मोबाइलवर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड चाकांवर पुन्हा गेज लावला. चारही चाकं स्टिकरपेक्षा 1 पीएसआय वर, तेवढं चालतं. गिऱ्हाइकांनी जुनीसाठी दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बुश बदलायला आणि चाकांची अलाइनमेंट करायला सांगितलं. ते झाल्यावर त्याच घाटात दोन्ही पुन्हा चालवू आणि मग ठरवू, असं बोलणं झालं.