जीप अपडेट: फॅन बेल्टचा ताण, आणि माझा अंगठा किती किलोचा

भावांनो, सकाळी गार इंजिन स्टार्ट केलं की चिर्रर्र आवाज, हेडलाइट लावले की अजून जास्त, आणि पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं चढाला टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागायचा. फॅन बेल्ट म्हणजे इंजिनच्या जोरावर पंखा, वॉटर पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवणारा पट्टा, तो घसरतोय हे कळत होतं. पण गेल्या वर्षी असाच आवाज आला तेव्हा अंगठ्यानं दाबून बघून मी बेल्ट आवळला, आवाज गेला म्हणून लई खूष, आणि तीन महिन्यांत वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं. म्हणून यावेळी घाई केली नाही.

जुना बेल्ट काढला तर दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत. व्ही बेल्ट (खाली निमुळता होत जाणारा) पकडतो तो बाजूंनी, पुलीच्या खाचेत तळाला टेकला की मग कितीबी ताणा, घसरणारच. पुल्या चांगल्या होत्या, उद्यमनगरातनं त्याच मापाचा नवा आणला. पट्टी लावून बघितलं तर अल्टरनेटरची पुली जराशी आत, ब्रॅकेटला वॉशर घालून सरळ केली.

आता ताण. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या पट्टीतला बोल्ट दोन्ही ढिले केले, टॉमी (लोखंडी दांडा) अल्टरनेटरच्या पुढच्या जाड कास्टिंगला टेकवून अल्टरनेटर हळू ओढला (मागच्या बाजूला टेकवू नका, ॲल्युमिनियम आहे, तडकतं). दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागात मधोमध १० किलोच्या आसपास जोर दिला की बेल्ट १० ते १२ मिमी दबला पाहिजे, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

पण १० किलो म्हणजे किती? घरातला वजनकाटा आणला आणि त्याच्यावर अंगठा दाबला, तर मी मनानं जो जोर देत होतो तो चक्क १६ भरला! म्हणजे १२ मिमी दबतोय म्हणून मी जो बेल्ट बरोबर समजत होतो तो कितीतरी जास्त ताणलेला होता, बेअरिंग का गेलं ते इथं कळलं. चार-पाच वेळा काट्यावर दाबून हाताला सवय केली आणि मगच बेल्टला हात लावला.

सेट करून १५ मिनिटं इंजिन चालवलं, बंद करून गार होऊ दिलं, परत मापलं तर १५ मिमी. नवा बेल्ट खाचेत बसताना सैल होतोच, त्यामुळं हे दुसरं माप अजिबात चुकवू नका. परत ओढून ११ वर आणला. हेडलाइट लावून बॅटरीवर १३.९ व्होल्ट, आवाज शून्य. रविवारी पन्हाळा चढवून काटा बघतो, आणि ५०० किमी झाले की परत माप घेणार.