मग मी हिकडं कशाला आलो?

शाहूपुरीत माझं करसल्ल्याचं ऑफिस आहे. जीएसटीची विवरणपत्रं, ताळेबंद, बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट, हीच रोजची कामं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका टीव्ही कंपनीने उद्योजकांच्या रिअॅलिटी शोसाठी कोल्हापुरात निवड चाचणी ठेवली, आणि स्पर्धकांची कागदपत्रं तपासायला कुणीतरी हवं म्हणून मला बोलावलं. ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलचा हॉल, बाहेर पावसाची रिपरिप, आत चाळीस-पन्नास पोरंपोरी. कुणाच्या हातात गुळाचा डबा, कुणाच्या हातात चपला, आणि एकाने तर दुधाची फॅट मोजायचं यंत्रच उचलून आणलं होतं.

सकाळी गेल्यावर कळलं की कागदांच्या आधी 'जनरल नॉलेजची फेरी' आहे. प्रश्नांचा कागद मुंबईहून छापून आला होता आणि प्रश्न विचारायचे मी, कारण 'सर, तुम्ही लोकल आहात, त्यांना कम्फर्टेबल वाटेल'. हे सांगणारा निर्मितीतला मुलगा पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात विलक्षण आदब.

कागदावर पहिलाच प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचा. निम्म्या पोरांनी रघुराम राजन सांगितलं. राजन यांची मुदत २०१६ मध्येच संपली; त्यांच्यानंतर ऊर्जित पटेल आणि शक्तिकांत दास होऊन गेले आणि डिसेंबर २०२४ पासून संजय मल्होत्रा आहेत. पण मला याचं फार वाईट वाटलं नाही. गव्हर्नरचं नाव ठाऊक नसल्याने कुणाचं दुकान बुडालेलं मी तरी पाहिलेलं नाही. पुढचा प्रश्न, हा असा, धंद्यातला हिस्सा देऊन गुंतवणूकदारांकडे 'पैसे मागायचा' कार्यक्रम मुळात कुठल्या देशातला? सगळे एकमुखाने अमेरिका. खरं तर तो जपानमध्ये २००१ साली सुरू झाला, २००५ मध्ये बीबीसीने इंग्लंडात आणला, मग अमेरिका, आणि आपल्याकडे 'शार्क टँक इंडिया' म्हणून डिसेंबर २०२१. हेही एक वेळ सोडून द्या.

गूळ निर्यात करायला निघालेल्या एका पठ्ठ्याला विचारलं, माल कुठं पाठवणार? म्हणाला, 'दुबई, यूके आणि लंडन.' मी म्हटलं, लंडन यूकेतच आहे. तो अजिबात डगमगला नाही. 'व्हय सर, पण लंडनचं मार्केट वेगळं हाय.' निर्मितीवाला मुलगा कॅमेऱ्यामागे खूश. त्याने त्याला तेच उत्तर पुन्हा, जरा सावकाश द्यायला लावलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही फेरी गाळणीसाठी नव्हतीच. चुकीची उत्तरं हाच त्यांचा माल होता. जेवणाच्या सुट्टीत मुलाने मोकळेपणाने सांगितलंही. ब्रिटनमध्ये अॅलन शुगर नावाच्या उद्योगपतीचा 'द अप्रेंटिस' हा कार्यक्रम चालतो. त्यात २००८ साली स्पर्धकांना मोरोक्कोतल्या माराकेशच्या बाजारात पाठवलं आणि खरेदीची यादी दिली. यादीत कोशर कोंबडी होती, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे कापलेली. स्पर्धकांनी ती हलाल खाटकाकडून कापून आणली. त्यातला एकजण स्वतःला ज्यू म्हणवत होता, आणि शुगर तर ज्यूच. 'सर, असा एक मोमेंट मिळाला की सीझन निघतो,' मुलगा म्हणाला.

किस्सा मलाही आवडला, नाही म्हणत नाही. पण मला त्यात कोंबडीपेक्षा वेगळंच दिसलं. कोशर म्हणजे काय हे ठाऊक नसणं समजू शकतो, पण सबंध बाजारात कुणा एकालाही विचारावंसं वाटू नये? आमच्या हॉलमध्येही तेच चाललं होतं. 'माहीत नाही' असं म्हणायला कुणी तयारच नव्हतं. टीव्ही बघून पोरं शिकली होती की थांबायचं नाही, ठोकून द्यायचं.

दुपारनंतर मी त्यांचा कागद बाजूला ठेवला आणि माझे प्रश्न काढले. शंभर रुपयांच्या वस्तूची किंमत दहा टक्क्यांनी वाढवली, मग गिऱ्हाईकाला दहा टक्के सूट दिली, तर हातात किती आले? बहुतेक सगळे म्हणाले, शंभरच. येतात नव्याण्णव. शंभराला घेतलेली वस्तू दीडशेला विकली तर विक्रीवर नफा किती टक्के? सगळे पन्नास म्हणाले. पन्नास खरेदीवर, विक्रीवर तेहतीसच. व्हॅल्युएशन हा शब्द मात्र जिभेवर लोण्यासारखा. 'पाच टक्क्याला पंचवीस लाख' म्हणजे धंद्याची किंमत पाच कोटी, हा हिशेब एका पोराने मला डोळे मिटून करून दाखवला. वर्षाची विक्री विचारली तर अकरा लाख.

हा चपलांचा पोरगा. चांगला माल घेऊन आला होता. टेबलावर कागद अंथरून त्यावर जोड ठेवला, कापशी घाटाचा, कान नीट शिवलेले, पट्ट्यावर बारीक वेणी, आणि नव्या चामड्याचा तो आंबूस वास. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्यापासून सगळीकडे कोल्हापुरीची चर्चा होती, आणि याच्या भाषणाची सुरुवातही तिथूनच. 'प्रादानं आमच्यावर केस केली.' मी सांगितलं, बाबा, उलट आहे. प्रादाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती आणि ती जुलैत फेटाळली गेली. मग विचारलं, कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, तो कुठल्या कुठल्या जिल्ह्यांना?

तो हसला. 'कोल्हापुरीला आणि दुसरा कुठला जिल्हा, सर?'

आठ आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. २०१९ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून ते मिळालं. हे ऐकल्यावर पोराचा चेहरा पडला, मग हळूहळू उजळला. तो खुर्ची ओढून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'सर, खरं सांगू? ह्यो माल अथणीचाच हाय. मी कुणाला सांगत नव्हतो. क्यामेऱ्यापुढं नगा काढू.'

अथणी बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे जी गोष्ट तो चोरीसारखी लपवत होता ती कायद्याने कोल्हापुरीच होती! मानांकनाचा शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते एवढं त्याला सांगितलं. ते त्याने लिहून घेतलं. व्हॅल्युएशन पाच कोटीच ठेवलं.

आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा एकजण होता, हुशार. आखातात तांदूळ पाठवायचा, पॅकिंगचे नमुनेही तयार. त्याला विचारलं, सरकारने निर्यातच बंद केली तर? 'असं कशाला करंल सरकार?' केलं होतं ना. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली. तो शांतपणे म्हणाला, 'तवा मी कॉलेजात होतो.' दिवसभरातलं हे मला सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटलं.

उगाच पोरांना नावं ठेवतोय असं वाटायला नको. मी मध्येच एक प्रश्न टाकला, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी किती? प्रश्न संपायच्या आत उत्तर, ३९ फूट, धोका ४३. एकही चुकला नाही. शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्या पोराने तर २०१९ च्या पुरात हायवे बंद पडल्यावर कुणाच्या किती गाड्या कुठं अडकल्या तेही सांगितलं आणि पावसाळ्याआधी कास्टिंगचा जादा साठा पुण्याला ठेवायचा म्हणजे काय खर्च येतो तेही. धंद्याचं ज्ञान म्हणतात ते हेच की! मुंबईच्या मुलाने तो प्रश्न कापायला लावला. 'सर, बंधारा कुणाला कळणार?'

संध्याकाळकडे गडहिंग्लजच्या बाजूच्या एक बाई आल्या. कांदा-लसूण मसाला करतात. पिशवीतून स्टीलचा डबा काढून आधी माझ्यापुढे उघडला. मागणी साधी, मसाला कांडप यंत्रासाठी चार लाख, बदल्यात वीस टक्के हिस्सा. विक्री वर्षाला चोवीस लाख, सगळं जाऊन पाचेक लाख उरतात. वही आणलेली, रोजची विक्री त्यात पेनाने लिहिलेली. दिवसभरातला सगळ्यात नीट हिशेब या वहीत होता.

मी विचारलं, 'ताई, हिस्सा कशातला देणार?'

'धंद्यातला की.'

'धंदा तुमच्या एकटीच्या नावावर आहे. प्रोप्रायटरी फर्म. तिला शेअर नसतात. आधी कंपनी काढावी लागेल, दरवर्षी ऑडिट आलं.'

खरं तर त्या दिवशी इक्विटी द्यायला आलेल्यांपैकी बहुतेकांचं हेच होतं. मालकी एकट्याची, आणि वाटायला निघालेत शेअर. पण बाईंच्या बाबतीत आकडे समोर होते, म्हणून मी तिथेच कागदावर मांडले. पाच लाखांच्या नफ्याचा वीस टक्के म्हणजे वर्षाला एक लाख. चार वर्षांत पैसे देणाऱ्याचे पैसे वसूल, पुढे कायमचा भागीदार. त्यापेक्षा मुद्रा कर्ज घ्या. दहा लाखांपर्यंत विनातारण मिळतं. चार लाख, बारा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी धरलं तर महिन्याला आठ हजार नऊशेच्या आसपास हप्ता आणि एकूण व्याज साधारण एक लाख चौतीस हजार. शिवाय सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आहे, ती आपल्याकडे कृषी खातं राबवतं. तिच्यात पस्तीस टक्के अनुदान, कमाल दहा लाख. चार लाखांवर एक लाख चाळीस हजार. तुमचं व्याज त्यातच फिटलं.

बाईंनी आकडे दोनदा बोट फिरवून वाचले. मग डब्याचं झाकण लावलं.

'मग मी हिकडं कशाला आलो?'

आणि खरंच उठल्या. माझा तो कागद घडी घालून पिशवीत टाकला, माझ्यासाठी मसाल्याची पुडी टेबलावर ठेवली आणि गेल्या. कॅमेरा चालू होता की नव्हता, मला माहीत नाही. निर्मितीवाला मुलगा मात्र धावत आला. त्यांच्या यादीत या बाई सगळ्यात वर होत्या म्हणे, 'साधी गृहिणी, जबरदस्त चव'. 'सर, तुम्ही आमची स्पर्धक घालवलीत!' आदब पहिल्यांदाच जरा ढिली झाली. मी म्हटलं, कागद तपासायला बोलावलंत, मी कागदच तपासले.

त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. मानधनातून दहा टक्के टीडीएस मात्र कापला. व्यावसायिक शुल्कावर पन्नास हजारांपर्यंत टीडीएस लागत नाही आणि माझं मानधन त्याच्या आसपासही नव्हतं. रिटर्नमध्ये परत मिळेल, म्हणून वाद घातला नाही.

प्रोमोमध्ये 'यूके आणि लंडन' झळकलं. त्या गूळवाल्याला आता मार्केट यार्डात पोरं 'काय लंडन!' म्हणून हाक मारतात, आणि तो सांगतो की त्यानंतर ऑनलाइन ऑर्डरी वाढल्या. माझ्या सगळ्या हिशेबाच्या बाहेरची गोष्ट.

गडहिंग्लजच्या बाईंचा पंधरवड्याने फोन आला. बँकेत गेल्या होत्या, पण तिथले साहेब म्हणाले, अशी अनुदानाची योजना आमच्याकडे आलेलीच नाही. बाई फोनवर एवढ्या जोरात बोलत होत्या की माझा असिस्टंट मान वर करून बघायला लागला. 'सर, त्या साहेबाला तुमच्या त्या फेरीत बसवा आधी!' मग अर्ज कृषी खात्यामार्फत भरला, प्रोजेक्ट रिपोर्ट मी करून दिला. यंत्र दिवाळीनंतर आलं. आवाज फार करतं म्हणून शेजाऱ्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, आता त्याचं उत्तर लिहायचं आहे.