लॉरेल स्ट्रीटवरची रेघ

आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरोला राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजी आम्हाला त्यांचं कॉलेज दाखवायला घेऊन गेल्या. नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांतलं सगळ्यांत मोठं. १ फेब्रुवारी १९६० ला वूलवर्थ या दुकानातल्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसलेले चार विद्यार्थी इथलेच. आवारातून लॉरेल स्ट्रीट जातो. त्याच्या मधोमध आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा पाय सहाव्या मतदारसंघात, हा तेराव्यात."

अमेरिकी संसदेच्या मतदारसंघांच्या २०१६ च्या नकाशाने विद्यापीठ असं चिरलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाला एकगठ्ठा मतदान करणारी हजारो पोरं दोन मतदारसंघांत वाटली गेली आणि दोन्हीकडे गावाबाहेरच्या मतांखाली बुडाली. रेघांनी विरोधकांची मतं निष्प्रभ करण्याची दुसरी तऱ्हा याच्या उलटी: विरोधकांचे मतदार एकाच मतदारसंघात कोंबायचे. तिथे ते प्रचंड मताधिक्याने जिंकतात, पण जादा मतं वाया जातात आणि आजूबाजूच्या जागा मोकळ्या होतात.

इथे हे काम लपूनछपून होत नाही. नकाशा विधिमंडळच काढतं आणि राज्यपालांना त्यावर नकाराधिकार नाही. २०१६ मध्ये समितीतल्या एका आमदारांनी उघड सांगितलं होतं की आम्ही रिपब्लिकन १० विरुद्ध डेमोक्रॅट ३ असा नकाशा मागतोय, कारण ११ विरुद्ध २ जमेल असं वाटत नाही. २०१८ मध्ये राज्यभरात दोन्ही पक्षांना जवळजवळ निम्मी निम्मी मतं पडली. १३ पैकी १० जागा मात्र रिपब्लिकनांकडे गेल्या, त्यातली एक फेरनिवडणुकीनंतर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला: पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या नकाशांत केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत.

पुढे राज्याच्या न्यायालयांमुळे २०२२ ची निवडणूक वेगळ्या नकाशावर झाली आणि १४ जागा सात-सात अशा वाटल्या गेल्या. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायाधीशांचं बहुमत बदलल्यावर, पक्षीय नकाशे रोखणारा आपलाच निकाल फिरवला. विधिमंडळाने पुन्हा रेघा ओढल्या आणि आमच्या गिलफर्ड काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, तीन तुकडे झाले. २०२४ चा निकाल: रिपब्लिकन १०, डेमोक्रॅट ४. दोन वर्षांत राज्यातल्या माणसांची मतं एवढी फिरली असं मला तरी कुठे दिसलं नाही.

माझं अमेरिकेतलं पहिलं मतदान त्याच वर्षीचं. आमचा भाग सहाव्या मतदारसंघात होता. तिथल्या डेमोक्रॅट खासदार कॅथी मॅनिंग नवा नकाशा पाहून उभ्याच राहिल्या नाहीत आणि त्यांच्या पक्षाने कुणाला उभंही केलं नाही. मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची चौकट, राज्यपालपदाची चौकट, सगळीकडे चुरस. या चौकटीत मात्र एक रिपब्लिकन उमेदवार आणि एका छोट्या पक्षाचा माणूस. पेन हातात धरून मी बराच वेळ त्या दोन नावांकडे बघत बसलो. कोण येणार हे वर्षभर आधीच कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. मला याचा खरंच संताप आला, आणि अजूनही येतो.

आपल्याकडे प्रभाग रचना जाहीर झाली की इच्छुकांची पळापळ आपण बघतोच. पण लोकसभा-विधानसभेच्या रेघा आमदार स्वतः ओढत नाहीत. २००८ ची पुनर्रचना सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने केली होती. तिच्याबद्दलही कुरकुरी होत्या. तरी हा फरक किती मोठा आहे ते मला इथे येऊन कळलं. पुढची पुनर्रचना आता तोंडावर आहे. हरकती मागवल्या जातील तेव्हा आपल्या गावाची रेघ कुठून जाते ते नीट बघा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये इथला नकाशा पुन्हा बदलला. आता लक्ष्य ईशान्येकडचा पहिला मतदारसंघ, तीसहून अधिक वर्षं कृष्णवर्णीय खासदार निवडून देणारा. आजींचं माहेर त्याच बाजूचं. बातमी आली त्या संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं घर आता कुठल्या नंबरात?"