सूटीनच्या सेरे गावात

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, स्पेनच्या सीमेजवळ असलेल्या सेरे या फ्रेंच गावी मी केवळ खाइम सूटीनसाठी गेलो. मिन्स्कजवळच्या स्मिलोविची येथे १८९३ मध्ये गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेला, अकरा भावंडांतला दहावा असा हा चित्रकार १९१३ मध्ये पॅरिसला आला. १९१९ ते १९२२ या काळात त्याने सेरेत जी निसर्गचित्रे रंगवली, त्यांत घरे, झाडे आणि टेकड्या एकाच वावटळीत सापडल्यासारखी पिळवटलेली दिसतात.

पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात त्याची २२ चित्रे आहेत. ती आधी पाहूनच सेरेला जावे, असे मी आग्रहाने सांगेन. गावाच्या चढणीवर उभे राहिलो तेव्हा छपरे पायाशी आणि डोंगर थेट कपाळावर आल्यासारखा वाटला. मधली सपाट जमीन, जिच्यावर नजर विसावावी, ती जवळजवळ नव्हतीच. चित्रांतला तो कोसळता उतार निव्वळ कल्पनेतला नव्हता, हे तिथे पटले. त्यातली तगमग मात्र सर्वस्वी त्याची.

सेरेच्या आधुनिक कला संग्रहालयात सूटीनचीच चित्रे भरपूर मिळतील, या अपेक्षेने जाऊ नये. पुढे त्याला सेरेच्या काळातली चित्रे नकोशी झाली आणि त्याने त्यांतली अनेक नष्ट केली. त्याआधी अमेरिकी संग्राहक अल्बर्ट बार्न्स यांनी सुमारे पन्नास चित्रे एकदम विकत घेतली आणि त्याचे दारिद्र्य संपवले.

पॅरिसहून पर्पिन्यांपर्यंत थेट रेल्वेने सुमारे पाच तास लागतात. तेथून सेरे साधारण ३० किलोमीटरवर असून बस मिळते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवावी. शनिवारी आठवडी बाजार भरतो, त्यामुळे गल्ल्या निवांत पाहायच्या असतील तर दुसरा दिवस निवडावा. बुटांची पकड चांगली हवी.

ओरांजरी मंगळवारी बंद असते. जवळच्या काँकॉर्द स्थानकावरून १२ क्रमांकाच्या मेट्रोने सूटीनच्या कबरीकडे, माँपार्नासला जाता येते. जर्मन व्याप्त फ्रान्समध्ये खेड्यात लपून राहिलेल्या सूटीनच्या पोटातला व्रण फुटला, त्याला आडवळणाने पॅरिसला आणले गेले आणि शस्त्रक्रियेनंतर ९ ऑगस्ट १९४३ रोजी तो गेला. माँपार्नासच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. प्रवेश विनामूल्य आहे. आत शिरतानाच नकाशा पाहून घ्यावा, कारण नकाशाशिवाय ती मला अर्धा तास सापडली नव्हती.